दारूला ऊन दाखवणारे पंत

मैत्रिणींनो, मथळा वाचून दचकू नका. ही बाटलीतली दारू नव्हे. ही बंदुकीची दारू, तोफेची दारू. आणि तिला ऊन दाखवायचं म्हणजे अगदी तस्संच, जसं आपण तूरडाळीला, मिरच्यांना, गाद्यांना दाखवतो. साडेतीनशे वर्षांपूर्वी आपल्या गडकिल्ल्यांवर हे वाळवण होत असे. त्याचे नियम ज्यांनी लिहून ठेवले, त्या रामचंद्रपंत अमात्यांची आज तुम्हाला ओळख करून द्यायची आहे. शाळेत इतिहासाच्या पुस्तकात त्यांचं नाव एका ओळीत येऊन जातं. माणूस मात्र एका ओळीत मावणारा नव्हता.

माझं माहेर गुंजवण्याचं. राजगडाच्या अगदी पायथ्याशी. पूर्वी आमचा तालुका वेल्हे म्हणून ओळखला जायचा, आता त्याला राजगड तालुका म्हणतात. आमच्याकडचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. चार महिने घरातलं काहीच धड कोरडं राहत नाही. मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, काडेपेटीतली काडी फुसकी निघते, धान्याला कुबट वास येतो. गड तर आमच्या डोक्यावर, ढगातच. म्हणून पद्मावती माचीवरचे दारूकोठाराचे अवशेष पाहताना मला नेहमी प्रश्न पडायचा, की इतक्या पावसात ही माणसं दारू कोरडी ठेवत होती तरी कशी? त्याचं उत्तर मला पंतांच्या ‘आज्ञापत्रा’त मिळालं.

पंतांचा जन्म साधारण १६५० च्या सुमाराचा. घराणं स्वराज्याच्या कामातलंच. वडील निळो सोनदेव शिवाजी महाराजांचे मुजुमदार, म्हणजे साऱ्या जमाखर्चावर त्यांची नजर. काका आबाजी सोनदेव यांचं नाव कल्याणच्या मोहिमेशी जोडलेलं आहे. हिशेब, कागद आणि शिस्त पंतांना घरातच मिळाली म्हणायची. वडील गेले आणि १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा अष्टप्रधानांत अमात्य म्हणून या तरुणाचं नाव होतं. वय पंचविशीच्या आतबाहेर. आपल्याकडे या वयाच्या मुलाला घरचे बाजारहाटही नीट सोपवत नाहीत!

पण खरी परीक्षा पुढे होती. ११ मार्च १६८९ रोजी संभाजी महाराजांची औरंगजेबाने हत्या केली. त्याच वर्षी रायगड पडला. येसूबाई आणि लहानगे शाहू कैदेत गेले. राजाराम महाराज जीव वाचवून दूर दक्षिणेत जिंजीला पोहोचले. मागे महाराष्ट्रात उरलं काय? रिकामी तिजोरी, एकामागून एक हातचे जाणारे किल्ले, आणि बादशहाची प्रचंड फौज. अशा वेळी राजाराम महाराजांनी इथला सगळा कारभार रामचंद्रपंतांवर सोपवला. त्यांना ‘हुकूमतपनाह’ असा किताब दिला. सोप्या भाषेत सांगायचं तर राजा दूर असताना राजाच्या वतीने निर्णय घ्यायचा पूर्ण अधिकार. घरातला कर्ता परगावी असताना घर सांभाळणाऱ्या बाईला हे दडपण काय असतं, ते वेगळं सांगायला नको.

पंतांनी विशाळगडाच्या आधाराने हा कारभार चालवला. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांच्या घोडदळाला बळ दिलं. शंकराजी नारायण, म्हणजे आपल्या भोरच्या पंतसचिव घराण्याचे मूळ पुरुष, हे त्यांचे हाताखालचे सहकारी. त्यांनी राजगड, तोरणा हे आमच्या भागातले किल्ले परत मिळवले. गेलेला गड परत घ्यायचा, आणि घेतला की लगेच पुढच्या वेढ्याची तयारी करायची. धान्य भरायचं, पाण्याची टाकी साफ करायची, तटावर उगवलेली झाडं काढायची, दारू भरायची. लढाईची वर्णनं आपण आवडीने वाचतो, पण या तयारीबद्दल कोण बोलतं?

आता जरा दारूकडे येऊ. बंदुकीची काळी दारू तीन गोष्टींची, सोरा, गंधक आणि कोळसा. यातला सोरा नीट शुद्ध केलेला नसला तर त्यात मिठाचा अंश राहतो, आणि मग पावसाळ्यात मिठाच्या बरणीचं जे होतं तेच दारूचं होतं. ती दमट होते, तिचे गठ्ठे होतात. अशी दारू एक तर पेटत नाही, नाही तर नुसती फुसफुसते. गोळी नळीतून निघते, पण निशाणापर्यंत पोहोचत नाही. माणूस तोच, बंदूक तीच, नेमही तोच, तरी कालचा बार आणि आजचा बार सारखा नाही. नेमबाजीचा सराव करणाऱ्याला याहून मोठी डोकेदुखी नाही.

शिवाय दाण्याचंही गणित असतं. लापशीला जाडा रवा लागतो आणि शिऱ्याला बारीक, तसंच हे. तोफेला जाड दाण्याची दारू, कारण ती सावकाश जळते. बंदुकीला त्याहून बारीक. आणि बंदुकीच्या कानावर पेटवायला टाकतात ती रंजक तर अगदी पिठासारखी, ठिणगी लागताच भडकणारी. बारीक दारू चुकून तोफेत ठासली तर ती एकदम पेटून तोफच फुटायची भीती. म्हणजे कोणती दारू कशासाठी, हे कळणं हेही नेमाइतकंच महत्त्वाचं!

पंतांनी दारूखान्याबद्दल जे सांगितलं आहे ते वाचताना मला तर एखादी करारी सासू नव्या सुनेला कोठीघर समजावून सांगतेय असंच वाटतं. दारूखाना राहत्या घरांजवळ नको, आणि घरांवरून वारा ज्या बाजूला वाहतो त्या बाजूलाही नको. का? चुलीतली एक ठिणगी वाऱ्याने उडाली तरी गड बेचिराख. सदरेपासून बेताच्या अंतरावर भक्कम जागा बांधायची, भोवती निर्गुडीसारख्या झुडपांचं दाट कुंपण करायचं. आत तळघर, त्याला चुनेगच्ची जमीन. त्यावर माच, आणि माचावर दारूची मडकी. म्हणजे जमिनीची ओल थेट लागायला नको. आपणही धान्याची पोती फळीवर ठेवतो, ती याचसाठी ना? बाण आणि होके, म्हणजे पेटवून शत्रूवर फेकायचा माल, तो मधल्या घरात. त्यालाही सर्दी लागता कामा नये.

आणि मग ते वाळवण. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः यायचं, सगळा माल बाहेर काढायचा, ऊन द्यायचं, आणि पुन्हा आत ठेवून मोहोर करायची. रात्रंदिवस पहारा. परवानगीशिवाय आसपास कुणी फिरकायचं नाही. वाचताना सोपं वाटतं. पण विचार करा, लढाई नसताना, कुणी बघत नसताना, वर्षानुवर्षं दर पंधरवड्याला हे करायचं! आणि एकदा चुकलं तर? १६६५ मध्ये मिर्झाराजे आणि दिलेरखानाने पुरंदरला वेढा घातला होता, तेव्हा तिथे बुरुजावरच्या दारूने पेट घेतला आणि आपलीच माणसं बुरुजासकट उडाली. पुरंदर आमच्याकडून फार लांब नाही. पंत तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे असतील. ही हकिकत त्यांच्या कानावर आली नसेल असं मला तरी वाटत नाही.

पुढची कहाणी मात्र सुखाची नाही. मार्च १७०० मध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले. ताराराणींनी राज्य हाती घेतलं आणि बादशहाशी झुंज चालू ठेवली. १७०३ च्या अखेरीस औरंगजेब स्वतः आमच्या राजगडावर चालून आला. १७०४ च्या फेब्रुवारीत राजगड, त्यापाठोपाठ तोरणा त्याने घेतला. राजगडाचं नाव त्याने नबीशाहगड ठेवलं. पण १७०७ मध्ये औरंगजेब मेला आणि त्याच वर्षी राजगड पुन्हा मराठ्यांकडे आला. नवं नाव आमच्या गावात कुणाला माहीतसुद्धा नाही.

बादशहा गेला, पण घरातच दुफळी माजली. शाहू महाराज सुटून आले आणि एकाच गादीच्या दोन वाटा झाल्या. शंकराजी नारायणांना हा पेच सोसला नाही, त्यांनी १७०७ मध्ये आपलं जीवन संपवलं. रामचंद्रपंत ताराराणींच्या बाजूला, कोल्हापूर-पन्हाळ्याकडे राहिले. पण १७१४ मध्ये तिथेही उलथापालथ झाली. ताराराणी आणि त्यांचा मुलगा कैदेत गेले, सवत राजसबाईंचा मुलगा संभाजी गादीवर आला. या बदलात पंतांचा हात होता असं मानलं जातं. ज्या बाईने सात वर्षं बादशहाला झुंजवलं तिला कैदेत पाहणं, आणि तरीही नव्या राजाच्या पदरी राहणं! एक बाई म्हणून मला हे खटकतं. पंतांना राज्य एकसंध ठेवायचं होतं, असं त्यांच्या बाजूने म्हणता येईल. पण म्हणून ताराराणींचं दुःख कमी होत नाही.

नवा राजा तेव्हा जेमतेम सतरा वर्षांचा. पंत पासष्टीच्या घरात. या पोरसवदा राजासाठी १७१५ च्या सुमारास ‘आज्ञापत्र’ तयार झालं. आयुष्यभर जे पाहिलं, सोसलं, ते सगळं त्यात आलं. गड कसा बांधावा, आरमार कसं राखावं, परदेशी व्यापाऱ्यांना किती जवळ करावं, सगळं. आणि एक जागा तर माझ्या फार आवडीची. आरमारासाठी लाकूड लागतं, पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडं लोकांनी पोटच्या पोरांसारखी वाढवलेली असतात. आयुष्य युद्धात गेलेल्या माणसाला हे सुचावं, याचं मला नवल वाटतं. १७१६ मध्ये पन्हाळ्यावर पंत गेले. तिथे त्यांची समाधी आहे, शेजारी त्यांच्या पत्नीचीही दाखवतात.

आज काळी दारू मागे पडली, बिनधुराच्या दारूची तयार काडतुसं आली. पण निवड काही सुटलेली नाही. स्पर्धेत उतरणारे रायफल नेमबाज वेगवेगळ्या खेपेची काडतुसं आपल्याच बंदुकीतून झाडून बघतात, आणि ज्यांच्या गोळ्या निशाणावर सर्वांत जवळजवळ लागतात ती खेप ठेवून घेतात. पंतांच्याच कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये विश्वविजेत्या झाल्या, राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं. त्या सोनेरी क्षणाआधीची ही कंटाळवाणी तयारी आपल्याला टीव्हीवर दिसत नाही, इतकंच.

जुलै २०२५ मध्ये राजगड आणि पन्हाळा दोन्ही जागतिक वारशाच्या यादीत गेले. आता आमच्या गुंजवण्यातून चढणाऱ्यांची गर्दी आणखी वाढेल. तुम्हीही मुलाबाळांना घेऊन जरूर या. बालेकिल्ला पाहा, पद्मावती देवीच्या पाया पडा. आणि माचीवरच्या दारूकोठारापाशी मुलांना दोन मिनिटं थांबवून विचारा, इतक्या पावसात इथली दारू कोरडी कशी राहत असेल? उत्तर आता तुमच्याकडे आहेच. फक्त तिथे चूल मांडू नका, बरं का. पंतांना ते अजिबात चाललं नसतं!