दिवा बाजूला ठेवा, घंटा बघा

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? रात्रीचा वॉर्ड आणि हातात दिवा घेतलेली बाई. शाळेच्या धड्यापासून १२ मेच्या परिचारिका दिनाच्या पोस्टरपर्यंत तेच चित्र. ते खोटं नाही. पण डिझाइनच्या कोर्सला ॲडमिशन घेतलेल्या, ‘युझर’ हा शब्द दिवसातून दहा वेळा ऐकणाऱ्या तुमच्यासाठी या बाईंकडे दिव्यापेक्षा भारी गोष्टी आहेत.

१८२० मध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात त्यांचा जन्म झाला, म्हणून नावही तेच. घर श्रीमंत इंग्रजांचं. मुलीला गणिताची आवड आणि नर्स व्हायचा हट्ट. त्या काळी नर्सिंग म्हणजे चांगल्या घरच्या मुलीने करायचं काम नव्हे, त्यामुळे घरचे वर्षानुवर्षं अडून बसले. अखेर १८५३ मध्ये, तेहतिसाव्या वर्षी, लंडनच्या हार्ली स्ट्रीटवरचं आजारी स्त्रियांसाठीचं एक छोटं रुग्णालय त्यांच्या हाती आलं.

रुजू होण्याआधीच त्यांनी मागण्यांची यादी पाठवली. गरम पाणी नळाने प्रत्येक मजल्यावर चढलं पाहिजे. जेवण वर न्यायला लिफ्ट पाहिजे. आणि घंटा! पेशंटने दोरी ओढली की घंटा नर्सच्या दाराबाहेर पॅसेजमध्ये वाजली पाहिजे आणि तिची छोटी झडप उघडून तशीच उघडी राहिली पाहिजे. का? कारण घंटा वाजून थांबते. धावत आलेल्या नर्सला कुणी बोलावलं ते कळत नाही. उघडी झडप दिसली की कळतं. नर्सचे पाय जिन्यावर झिजले तर पेशंटजवळ थांबायला तिला वेळ कुठून मिळणार, हा त्यांचा साधा हिशोब होता. आज याला आपण सर्व्हिस डिझाइन म्हणतो आणि त्यावर वर्कशॉप घेतो.

पुढच्याच वर्षी ब्रिटन क्रिमियन युद्धात उतरलं. नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ स्त्रियांना घेऊन त्या इस्तंबूलजवळच्या स्कुटारीला पोचल्या. तुर्की सैन्याच्या बराकीचं तिथे इस्पितळ केलं होतं. पुस्तकात हा भाग घाईत उरकतात, पण इथे जरा थांबा. त्या आल्या आणि मृत्यू कमी झाले, असं घडलं नाही. पहिल्या हिवाळ्यात ते वाढले. फेब्रुवारी १८५५ मध्ये दाखल झालेल्या दर शंभर जणांमागे ४२ जण दगावत होते. सेवा होती, स्वयंपाकघर सुधारलं होतं, आणि इमारतीखालची गटारं तुंबलेली होती. मार्चमध्ये लंडनहून स्वच्छता आयोग आला, गटारं उपसली, हवा खेळती केली, आणि आकडे झपाट्याने उतरले.

इंग्लंडला परतल्यावर त्या हे आकडे घेऊन बसल्या. संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार मदतीला होते. १८५८ मध्ये त्यांचा प्रसिद्ध पाकळ्यांचा आलेख छापून आला. टाळता येणाऱ्या रोगांनी मेलेले निळ्या रंगात, जखमांनी मेलेले लाल रंगात. निळ्याने पान भरून गेलं होतं. (आम्हाला मास कॉमला इन्फोग्राफिक शिकवतात ते साधारण हेच.) मंत्र्यांना तक्ते वाचायचा कंटाळा असतो, हे त्या ओळखून होत्या. मेलेले परत येणार नव्हते. पुढच्या सैनिकासाठी हा खटाटोप होता. पुढचं युद्ध आणि पुढचं इस्पितळ आजच आखलं पाहिजे, यावर त्यांचा कटाक्ष. १८५९ मध्ये त्यांनी रुग्णालयं कशी बांधावीत यावर पुस्तकच लिहिलं: लांब वॉर्ड, समोरासमोर खिडक्या, दोन्हीकडून वारा.

आता आपल्याकडे या. १८५९ मध्ये हिंदुस्थानातल्या सैन्याच्या आरोग्यासाठी रॉयल कमिशन नेमलं गेलं. नाइटिंगेलबाई तोवर आजाराने बहुतेक वेळ अंथरुणावर असायच्या. मग त्यांनी प्रश्नावली तयार केली आणि ती लष्करी ठाण्यांना पोस्टाने गेली. पाणी कुठून येतं? सांडपाणी कुठे जातं? १८६३ चा अहवाल दोन हजारांहून जास्त पानांचा झाला. गोऱ्या सैनिकांत दर हजारी वर्षाला ६९ मृत्यू, बहुतेक रोगांनी. एवढं बाड कुणी वाचणार नाही म्हणून त्यांनी आपली निरीक्षणं चित्रांसकट वेगळी छापून घेतली. दहा वर्षांत हा आकडा १८ वर आला.

इथवर ही फक्त साहेबाच्या सैन्याची काळजी होती, हे स्पष्ट म्हणायला हवं. छावणी धुवून काढली तरी शेजारचा बाजार आणि गाव घाण असेल तर उपयोग नाही, हे त्या आकड्यांतूनच शिकल्या. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात दख्खन होरपळली तेव्हा त्या रयतेच्या कर्जाबद्दल आणि पाटबंधाऱ्यांबद्दल लिहू लागल्या. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा खेड्यांच्या स्वच्छतेवर पत्रव्यवहार झाला. लंडनच्या सरकारी फायलींत खेड्यातलं खरं सापडत नव्हतं. ते इथल्या माणसांना विचारावं लागलं.

उत्तरायुष्यातलं त्यांचं लिखाण वाचाल तर सूर बदललेला दिसेल. वरून हुकूम काढून आणि पत्रकं वाटून सवयी बदलत नाहीत. गावच्या भाषेत बोलणारं, रीतीभाती जाणणारं माणूस घरोघरी गेलं पाहिजे, बायकांशी बोललं पाहिजे, पडद्यावर चित्रं दाखवली पाहिजेत, असं त्या मांडत होत्या. पैशांचंही त्यांनी बघितलं. गावाकडून जो उपकर वसूल होतो त्यातून आधी त्याच गावाच्या स्वच्छतेला द्या, ही मागणी त्यांनी १८९२ मध्ये थेट भारतमंत्र्यांपुढे ठेवली. सरकारने गोड शब्दांत टोलवली.

हिंदुस्थानसाठी जवळपास चाळीस वर्षं खपलेल्या या बाई इथे कधीच आल्या नाहीत. मला हे खटकतं. पलंगावरून आखलेल्या योजनेत पलंगावरून न दिसणारं राहूनच जातं, आणि सुरुवातीची वर्षं तसं झालंही. पण बाईंनी विचारणं सोडलं नाही. लंडनला आलेल्या हिंदी माणसांना त्या घरी बोलवायच्या आणि गावाबद्दल खोदून खोदून विचारायच्या.

शेवटी दृष्टी गेली. १९०७ मध्ये ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्या गेल्या. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन करायची तयारी होती, घरच्यांनी नाही म्हटलं. गावाकडच्या चर्चच्या आवारात घरच्या थडग्यावर त्यांच्यासाठी दोन अक्षरं आणि दोन तारखा कोरल्या आहेत. पूर्ण नावसुद्धा नाही.