इंजिनाचा धूर वाया जाऊ नये म्हणून २० वर्षं झटलेले अल्फ्रेड ब्यूखी

गाडीच्या मागे ‘टर्बो’ लिहिलेलं दिसलं की गाडी जोरात पळणार, असं आपण धरूनच चालतो. पण टर्बोचा शोध वेगासाठी लागलाच नव्हता. वाया जाणाऱ्या उष्णतेचं काय करायचं, हा प्रश्न अल्फ्रेड ब्यूखी नावाच्या एका स्विस इंजिनिअरला पडला होता.

ब्यूखी यांचा जन्म १८७९ चा, स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरचा. वडील तिथल्याच सुल्झर या यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. १९०३ मध्ये झ्युरिकला शिक्षण संपवून ब्यूखी बेल्जियम आणि इंग्लंडमध्ये नोकरीला गेले.

इंजिनात जळणाऱ्या इंधनाची ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जा गरम धुराबरोबर बाहेर जाते. नोव्हेंबर १९०५ मध्ये, वयाच्या २६व्या वर्षी, ब्यूखींनी तिचा उपयोग करणाऱ्या इंजिनाचं पेटंट जर्मनीत घेतलं. धुराच्या वाटेत टर्बाइन, म्हणजे पात्यांचं चाक. आजच्या टर्बोत हे चाक धुराच्या जोरावर फिरतं आणि त्याच दांड्यावरचा कॉम्प्रेसर बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबतो. हवा जास्त म्हणजे ऑक्सिजन जास्त, म्हणजे तेवढ्याच इंजिनात जास्त इंधन जाळता येतं.

कागदावर सगळं झकास. प्रत्यक्षात मात्र गाडी अडली.

१९०९ मध्ये ते सुल्झरमध्ये आले, प्रयोग सुरू झाले, १९१५ ला नमुना इंजिनही तयार झालं. पण ते नीट चालेना. वाटेत टर्बाइन आल्यावर धूर तुंबतो आणि तो ढकलण्यात पिस्टनचीच ताकद खर्च होते. जेवढं कमवायचं, तेवढं तिथेच घालवायचं! दरम्यान फ्रान्समध्ये रातो आणि अमेरिकेत मॉस हे इंजिनिअर, उंचावरच्या विरळ हवेत विमानाचं इंजिन दमू नये म्हणून हीच युक्ती वापरू लागले होते.

ब्यूखींना खरी किल्ली सापडली १९२५ मध्ये. सिलिंडरमधून धूर सलग नाही, धक्क्याधक्क्याने बाहेर पडतो. सगळ्यांचा धूर एकाच पाइपात सोडला की एकाचा धक्का दुसऱ्याच्या वाटेत येतो. म्हणून त्यांनी सिलिंडरचे गट पाडले आणि प्रत्येक गटाला टर्बाइनपर्यंत वेगळा पाइप दिला. शिवाय हवा आत घेणारा आणि धूर सोडणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकदम उघडे ठेवले. ताजी हवा उरलासुरला धूर झाडून नेते, आतला भागही गार होतो.

त्यानंतर ‘प्रॉयसन’ आणि ‘हान्झेश्टाट डान्झिग’ या जर्मन प्रवासी जहाजांच्या दहा सिलिंडरच्या डिझेल इंजिनांची ताकद १,७५० वरून २,५०० हॉर्सपॉवरवर गेली. एकही सिलिंडर न वाढवता. मग ब्राउन बोव्हेरीसारख्या कंपन्या सोबत आल्या आणि जहाजांच्या इंजिनांवर टर्बो बसू लागला.

१९५९ मध्ये विंटरथूरमध्येच ब्यूखी गेले. टर्बो लावलेल्या मोटारी अमेरिकेत शोरूममध्ये आल्या त्या १९६२ मध्ये.