गणिताच्या प्राध्यापकांनी आखलेला घराचा अभ्यासक्रम

आपल्या शाळेत मी बरीच वर्षे गृहशास्त्र शिकवले. पुढे माध्यमिक वर्गांसाठी या विषयाचा अभ्यासक्रम आखण्याच्या बैठकांनाही बसले. दर बैठकीत एक प्रश्न हटकून निघे : स्वयंपाक, शिवण, मुलांचे संगोपन हे मुली घरी शिकतातच, मग शाळेचे तास त्यात का घालवायचे? याच प्रश्नाला शंभर वर्षांपूर्वी सामोरे गेलेल्या महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याविषयी म्हणूनच या स्मरणिकेत लिहावेसे वाटले.

अण्णासाहेबांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणात शेरवली येथे झाला. बालपण मुरुडला गेले. १८९१ मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी पत्नी राधाबाई वारल्या. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला आणि मुरुडकरांनी त्यांना वाळीत टाकले. तरी ते मागे हटले नाहीत. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, तो पुढे पुण्याजवळ हिंगण्याला नेला. कॉलेज सुटल्यावर ते पायी हिंगण्याची वाट धरीत.

आश्रमातल्या मुलींचा संसार मोडलेला होता. त्यांना स्वतःच्या पायावर उभे करणारे शिक्षण हवे होते. १९०७ मध्ये महिला विद्यालय निघाले, तेव्हा संसारात पडणाऱ्या मुलींचाही विचार आला. १९१५ च्या सुमारास जपानमधील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या हाती पडली आणि मनातल्या कल्पनेला आकार आला. १९१६ मध्ये हिंगण्याला महिला विद्यापीठ सुरू झाले. रा. गो. भांडारकर पहिले कुलपती झाले. शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजी विषय म्हणून, आणि भाषा-इतिहासाच्या मांडीला मांडी लावून गृहशास्त्र व आरोग्य!

मला यातली आखणीच महत्त्वाची वाटते. घर हा परीक्षेचा विषय झाला. पाणी का उकळायचे, बाळंतिणीच्या खोलीत स्वच्छता का हवी, महिन्याचा खर्च कसा बसवायचा, हे घरी सवयीने कळते. शाळेत त्यामागचे कारण कळते. कारण कळलेली मुलगी चुकीची रूढी मोडू शकते.

वेगळ्या अभ्यासक्रमाने स्त्रियांचे शिक्षण दुय्यम ठरेल, अशी टीका तेव्हाच्या सुधारकांनीही केली. त्यात तथ्य होते. घर सांभाळणे मुलींच्याच वाट्याचे, हे त्या आखणीत गृहीत होते, आणि ते मला पटत नाही. हा तास मुलग्यांनाही हवा, असे मी प्रत्येक बैठकीत मांडले.

१९२० मध्ये ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हे नाव मिळाले. सरकारी मान्यतेला मात्र स्वातंत्र्य उजाडावे लागले. तोवरच्या मुलींनी मान्यता नसलेल्या पदवीसाठी अभ्यास केला, हे विसरू नये. १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, अण्णासाहेबांना भारतरत्न मिळाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी ते गेले.

मैत्रिणींनो, आपल्या वेळापत्रकातला गृहशास्त्राचा तास अनेकींना विश्रांतीचा वाटे. त्या तासाला विषयाचा मान मिळावा म्हणून गणिताच्या एका प्राध्यापकाने निम्मे आयुष्य वेचले होते.