रमाबाईंचा अभ्यास

सुमारे दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट. सातारा जिल्ह्यात त्या काळी मोडणाऱ्या देवराष्ट्रे या गावी कुर्लेकरांचे घराणे राहत असे. या घराण्यात 25 जानेवारी 1862 रोजी एका मुलीचा जन्म झाला. तिचे नाव यमुना. घर खाऊनपिऊन सुखी होते. परंतु त्या घरातील मुलींच्या हाती पाटी-पेन्सिल कधी आली नाही. मुलीने अक्षर गिरविले तर तिला वैधव्य येते, अशी वेडी समजूत त्या काळी घरोघर होती. त्यामुळे यमुना स्तोत्रे, कहाण्या आणि पुराणातील कथा ऐकत वाढली. ऐकलेले मन लावून ध्यानात ठेवावे, एवढीच तिची शाळा.

1873 साली, अकरा वर्षांची असताना, यमुनेचा विवाह झाला. तिचे पती होते महादेव गोविंद रानडे. घरी व मित्रमंडळींत त्यांना माधवराव म्हणत. ते पुण्यास न्यायाधीश होते. त्यांचे वय बत्तीसच्या आसपास होते आणि विद्वान म्हणून त्यांचा लौकिक सर्वत्र पसरलेला होता. सासरी यमुनेची रमाबाई झाली. एका बाजूस अनेक ग्रंथ वाचून पचविलेला पती, तर दुसऱ्या बाजूस मुळाक्षरेही न ओळखणारी पत्नी! हे अंतर मिटविण्याचा माधवरावांनी निश्चय केला आणि लग्नानंतर लवकरच रमाबाईंचा अभ्यास सुरू झाला.

प्रथम मराठी लेखन-वाचन झाले. पुढे इतिहास, भूगोल, गणित असे विषय आले आणि मग इंग्रजीची पाळी आली. मराठी मुलाला इंग्रजी वाचन आरंभी किती कठीण वाटते, हे तुम्हांस ठाऊकच आहे. मराठीत जे अक्षर लिहावे तेच बहुधा उच्चारावे. इंग्रजीत मात्र काही अक्षरे शब्दात असूनही मुकी राहतात, तर एकच अक्षर निरनिराळ्या शब्दांत निरनिराळा आवाज देते. वाक्याची रचनाही वेगळी. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते; इंग्रजीत ते कर्त्याच्या मागोमाग उभे राहते. अशी भाषा नुसत्या डोळ्यांनी येत नाही. ती कानांनी ऐकावी लागते, जिभेने उच्चारावी लागते, आणि मुख्य म्हणजे तिचा अर्थ मनाने धरावा लागतो.

रमाबाईंपुढे याहूनही मोठी अडचण होती. रानड्यांच्या घरी वडीलधाऱ्या स्त्रिया पुष्कळ होत्या. सुनेने पुस्तक हाती धरावे, हे त्यांना मुळीच रुचत नसे. त्यातून ते पुस्तक इंग्रजी असले, म्हणजे तर बोलायलाच नको! दिवसभर घरकाम करताना रमाबाईंना त्यांचे टोमणे ऐकावे लागत. पतीने कितीही आग्रह केला तरी आपण अभ्यासाची टाळाटाळ करावी, म्हणजे तो आपोआप थांबेल, असा उपदेशही त्यांना होत असे. हा उपदेश मानला असता, तर घरात त्यांचे कौतुक झाले असते आणि त्रासही संपला असता. परंतु रमाबाईंनी तसे केले नाही. त्यांनी वडीलधाऱ्यांना उलट उत्तर दिले नाही आणि अभ्यासही सोडला नाही. यांतील प्रत्येक गोष्ट अवघड; दोन्ही एकदम साधणे तर फारच अवघड.

1878 साली माधवरावांची बदली नाशिक येथे झाली. तेथे पती-पत्नींना अभ्यासासाठी अधिक निवांतपणा लाभला. माधवरावांची दृष्टी विद्यार्थिदशेपासूनच अधू झाली होती. त्यामुळे त्यांना दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागे. हे काम हळूहळू रमाबाईंकडे आले. त्या वर्तमानपत्रे वाचून दाखवीत आणि माधवराव ऐकत. मग त्या दिवशीच्या घडामोडींवर दोघांचे बोलणे होई.

वरवर पाहता ही पतीची सेवा होती. पण अभ्यासाच्या दृष्टीने याहून उत्तम योजना शोधून सापडली नसती. आपण एकटे मनात वाचतो, तेव्हा कठीण शब्द सहज ओलांडून जातो. ऐकणारा समोर बसला असता तसे करता येत नाही. उच्चार चुकला की तो ऐकणाऱ्याच्या कानाला खटकतो. वाक्य भलत्याच ठिकाणी तोडले, तर वाचणाऱ्याला अर्थ कळलेला नाही, हे त्याच्या ताबडतोब ध्यानात येते. आणि वाचलेल्या मजकुरावर पुढे बोलायचे असेल, तर तो समजून घेतल्यावाचून गत्यंतरच नसते. अशा रीतीने वाचणे, ऐकणे आणि समजणे या तिन्ही गोष्टी रमाबाईंच्या अभ्यासात एकत्र आल्या.

काही वर्षांनी या अभ्यासाची कसोटी लागली. मुलींसाठी पुण्यात हायस्कूल निघावे, म्हणून माधवराव व त्यांचे सहकारी प्रयत्न करीत होते. त्यासाठी हिराबागेत एक मोठी सभा भरली. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर तिला उपस्थित होते. त्यांच्यासमोर मुलींच्या उच्च शिक्षणाची मागणी इंग्रजीतून मांडण्याचे काम रमाबाईंकडे आले. भर सभेत एका हिंदू गृहिणीने उभे राहून इंग्रजी वाचून दाखवावे, ही गोष्ट त्या काळी कोणाच्या स्वप्नातही नव्हती. रमाबाईंनी ते काम पार पाडले.

सभेत त्यांची वाहवा झाली, तरी घरी परतल्यावर त्यांच्या वाट्यास नेहमीचेच बोल आले. या वेळी तर ते अधिकच तिखट होते. रमाबाईंना फार वाईट वाटले. पण त्यांनी ते मुकाट्याने सोसले. पुढे 1884 साली पुण्यात मुलींचे हायस्कूल सुरू झाले. हुजूरपागा या नावाने ते आजही प्रसिद्ध आहे.

भाषा शिकताना कशाचीही लाज धरू नये, हा धडाही रमाबाईंना पतीकडूनच मिळाला. सरकारच्या एका समितीच्या कामानिमित्त 1886 साली माधवरावांची नेमणूक झाली आणि त्यांचा मुक्काम कलकत्त्यास पडला. तेथे त्यांनी बंगाली शिकण्यास आरंभ केला. एके दिवशी न्हावी त्यांची दाढी करीत असता माधवराव बंगाली पुस्तक मोठ्याने वाचत होते आणि तो न्हावी त्यांचे उच्चार सुधारून अर्थ सांगत होता. हे पाहून रमाबाईंना हसू आवरेना. तेव्हा माधवरावांनी त्यांना दत्तात्रेयांच्या चोवीस गुरूंची आठवण करून दिली. ज्याच्याकडून शिकावयास मिळेल तो गुरू, असा त्यांचा भाव होता. पुढे त्यांनी रमाबाईंनाही बंगाली वाचावयास शिकविले.

1901 साली माधवराव निवर्तले. रमाबाईंचा गुरू आणि श्रोता दोन्ही एकदम हरपले. काही काळ त्या शोकात बुडून गेल्या. परंतु पतीने दिलेली विद्या घरात कोंडून ठेवणे त्यांना योग्य वाटेना. 1909 साली पुण्यात सेवासदनाचे कार्य सुरू झाले, ते त्यांच्याच नेतृत्वाखाली. तेथे प्रौढ स्त्रिया आणि विधवा लिहावाचावयास शिकू लागल्या. कित्येक जणी शिक्षिका व परिचारिका होऊन स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. एके काळी अक्षर गिरविण्याची ज्यांना भीती घातली जाई, त्यांच्याच हाती आता पुस्तके आली.

1910 साली रमाबाईंनी ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात आपल्या अभ्यासाची हकीकत त्यांनी साध्या, सरळ भाषेत सांगितली आहे. मराठीतील उत्तम आत्मचरित्रांत या पुस्तकाची गणना होते. 1924 साली रमाबाईंचे निधन झाले.

एखादा धडा आपण घरी मोठ्याने वाचून दाखवितो आणि आई, आजी किंवा धाकटे भावंड तो ऐकत बसते, तेव्हा रमाबाईंच्या अभ्यासाचीच रीत आपण चालवीत असतो. मात्र आपल्याला त्याबद्दल कोणी बोल लावीत नाही. हे सुख आपल्या वाट्यास यावे म्हणून ज्यांनी बोल सोसले, त्यांत रमाबाई रानडे यांचे नाव अग्रभागी आहे.