पाणी अडविणारा ओस्मान

साठच्या दशकातील तुर्की चित्रपटांत नायक बदलत राहिले. खलनायक म्हटले की नाव मात्र बहुधा एकच पुढे येई, ते एरोल ताश यांचे. दाट भुवया, रुंद जबडा आणि पिळदार शरीर लाभलेल्या या अभिनेत्याने शेकडो चित्रपटांत नायकाचा मार खाल्ला. तरीही तुर्की चित्रपटाला जगात पहिला मोठा मान मिळाला, तो त्यांनी रंगविलेल्या एका दुष्ट माणसाच्या कथेमुळे.

ताश यांचा जन्म १९२८ मध्ये पूर्व तुर्कस्तानातील एर्झुरूम येथला. तारुण्यात त्यांनी मुष्टियुद्धाचे धडे गिरविले. पन्नासच्या दशकात ते इस्तंबूलच्या चित्रसृष्टीत आले आणि हाणामारीच्या दृश्यांत ती कमावलेली ताकद कामी आली.

दिग्दर्शक मेतिन एर्कसान यांनी मात्र या ताकदीपलीकडचा नट ओळखला. नेजाती जुमाली यांच्या कथेवरील ‘सुसुझ याझ’ (कोरडा उन्हाळा) या चित्रपटात ताश यांनी तंबाखू पिकविणारा शेतकरी ओस्मान साकारला. झरा आपल्या जमिनीत आहे, म्हणून ओस्मान बांध घालून गावाचे पाणी तोडतो. त्यातून खून होतो. तो स्वतःच्या हातून घडलेला असूनही ओस्मान धाकट्या भावाला गुन्हा अंगावर घ्यायला लावतो आणि भाऊ तुरुंगात असताना तो मेल्याची थाप मारून भावजयीला आपलीशी करतो. शेवटी परतलेला भाऊ त्याला त्याच पाण्यात बुडवितो. मोकळ्या झालेल्या पाटातून ओस्मानचे प्रेत वाहत जाते. ताश यांनी हा माणूस राक्षस म्हणून रंगविला नाही. त्याची हाव ओळखीची, घरातलीच वाटते. म्हणूनच तो अधिक भयावह ठरतो.

१९६४ मध्ये या चित्रपटाला बर्लिन महोत्सवात सर्वोच्च ‘सुवर्ण अस्वल’ पुरस्कार मिळाला. तुर्कस्तानातील दुसऱ्या चित्रपटाला हा मान मिळण्यास २०१० साल उजाडावे लागले. १९६६ मध्ये लुत्फी अकाद यांच्या ‘हुदुतलारीन कानुनू’ (सरहद्दीचा कायदा) या चित्रपटात यिल्माझ ग्युने यांच्यासमोर ताश यांनी तस्करांच्या जगातील प्रतिस्पर्धी उभा केला.

अशा भूमिका मात्र मोजक्याच. बाकीची वर्षे ठरावीक साच्यातील खलनायकीत गेली. पडद्याबाहेर हा माणूस इस्तंबूलच्या जानकुर्तारान वस्तीत कॉफीगृह चालवीत असे. १९९८ च्या ८ नोव्हेंबरला त्यांचे निधन झाले. ‘सुसुझ याझ’ची प्रत पुढे २००८ मध्ये नव्याने सिद्ध झाली, आणि ओस्मानचा तो बांध जगभरच्या नव्या प्रेक्षकांनी पाहिला.