दिनविशेष २ नोव्हेंबर : गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर

मराठी संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर यांची आज पुण्यतिथी. पूर्ण नाव बळवंत पांडुरंग किर्लोस्कर. जन्म ३१ मार्च १८४३, गाव गुर्लहोसूर. म्हणजे आपल्याच बेळगाव जिल्ह्यातलं, सौंदत्तीकडचं. (उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्मही याच गावचा, बरं का!) योगायोग असा की त्याच वर्षी, ५ नोव्हेंबरला, विष्णुदास भाव्यांनी सांगलीत सीतास्वयंवर उभं केलं. मराठी रंगभूमी आणि अण्णासाहेब एका वयाचे.

घरात मराठी, गावात कानडी. दोन्हीकडची गाणी कानावर पडत ते वाढले. शिकायला पुण्याला गेले, पण अभ्यासापेक्षा नाटकमंडळ्यांना पदं रचून देण्यातच त्यांचं मन रमलं. शिक्षण अर्धवट राहिलं. मग बेळगावात मास्तरकी केली आणि पुढे महसूल आयुक्तांच्या कचेरीत नोकरी. पोटापाण्यासाठी खर्डेघाशी आणि डोक्यात नाटक, अशी बरीच वर्षं गेली.

तोवरच्या नाटकात गाणं होतंच, पण ते मुख्यतः सूत्रधाराच्या तोंडी. पात्रं आपली भाषणं बरीचशी आयत्या वेळी रचून बोलत. १८८० मध्ये पुण्यात अण्णासाहेबांनी पारशी मंडळीचं इंद्रसभा पाहिलं आणि असं मराठीत का नको, हे त्यांच्या मनानं घेतलं. कालिदासाचं शाकुंतल त्यांनी मराठीत आणलं. संवाद लिहून पक्के केले आणि पदं पात्रांच्याच तोंडी दिली. साकी, दिंडी, लावणीच्या चाली घेतल्या, तशा कानडी चालीही घेतल्या. गुर्लहोसूरची शिदोरी इथे कामी आली.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात पहिले चार अंक झाले. मोरोबा वाघोलीकर आणि बाळकोबा नाटेकर हे त्यातले गाजलेले नट. नाटकाच्या नावाआधी ‘संगीत’ हा शब्द लावण्याची रीत या शाकुंतलानंतर पक्की रुळली.

पुढे बडोद्याहून भाऊराव कोल्हटकर मंडळीत आले. त्यांचा गळा असा की कंपनीचं नशीबच पालटलं. १८ नोव्हेंबर १८८२ ला सौभद्र रंगभूमीवर आलं. शाकुंतल हे रूपांतर, पण सौभद्राची रचना अण्णासाहेबांची स्वतःची. कथा महाभारतातली, माणसं मात्र थेट आपल्या घरातली. लग्नाचा घोळ, थोरल्या भावाचा हट्ट, धाकट्याची चलाखी, सगळं त्यात आहे. आमच्या मते त्यांचं खरं मोठेपण इथे दिसतं. आजही बेळगाव असो की गोवा, हौशी मंडळी सौभद्र बसवतात.

हे सगळं करायला त्यांना वेळ मिळाला तो जेमतेम पाच वर्षं. १८८४ मध्ये रामराज्यवियोग रंगभूमीवर आलं, तेही तीनच अंकांचं. उरलेले अंक लिहायचे राहूनच गेले. २ नोव्हेंबर १८८५ रोजी, वयाच्या ४२ व्या वर्षी, गुर्लहोसूरलाच त्यांचं निधन झालं. शाकुंतलाच्या पहिल्या प्रयोगाला तेव्हा पाच वर्षं आणि दोन दिवस झाले होते.