दंतवैद्यकाला प्रतिष्ठा मिळवून देणारे डॉ. रफिउद्दीन अहमद

भारतीय दंतवैद्यकाचे जनक डॉ. रफिउद्दीन अहमद यांचा जन्म २४ डिसेंबर १८९० रोजी पूर्व बंगालमध्ये झाला. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाची पदवी घेऊन ते मायदेशी परतले, तेव्हा येथे दंतवैद्यकाचे रीतसर शिक्षण उपलब्ध नव्हते. अप्रशिक्षित लोक दात काढत असत. १९२० मध्ये त्यांनी कोलकात्यात देशातील पहिले दंतवैद्यक महाविद्यालय स्थापन केले आणि त्याच्या खर्चासाठी चक्क सोडा फाउंटनचे दुकान चालवले. दंतवैद्यांच्या नोंदणीसाठी त्यांनी पाठपुरावा केला. बंगालमध्ये १९३९ मध्ये, तर देशासाठी १९४८ मध्ये कायदा झाला. १९४९ मध्ये त्यांनी हे महाविद्यालय पश्चिम बंगाल सरकारच्या स्वाधीन केले. १९६४ मध्ये पद्मभूषण पुरस्काराने गौरवण्यात आलेल्या डॉ. अहमद यांचे १९६५ मध्ये निधन झाले.